‘बैजू बावरा’ वर्गात दाखवा, पण एक प्रश्न सोबत ठेवून



आठवी-नववीच्या मुलांना शास्त्रीय संगीताची गोडी लावायची असेल तर आधी राग, थाट, वादी-संवादी असं काही फळ्यावर लिहू नका. त्यांना ‘बैजू बावरा’ दाखवा. हे मी गेली काही वर्षं माझ्या शाळेतल्या सहकाऱ्यांना सांगत आले आहे आणि आजही तेच सांगणार आहे. फक्त या वेळी त्याला एक पुरवणी जोडायची आहे. हा चित्रपट मुलांना गाण्याविषयी पुष्कळ काही देतो, आणि शिकण्याविषयी एक समजूत मात्र चुकीची देतो. ती समजूत चित्रपटातून आली असती तर फारसं बिघडलं नसतं. पण ती आपल्या घरांत आणि वर्गांत आधीपासूनच मुरलेली आहे. दुखावल्याशिवाय, लागल्याशिवाय, अपमान झाल्याशिवाय माणूस मोठा होत नाही, ही ती समजूत. म्हणून चित्रपट दाखवायचा तर तिच्याविषयी मुलांशी बोलायलाच हवं.

आधी कथा

‘बैजू बावरा’ हा १९५२ सालचा हिंदी चित्रपट. दिग्दर्शक विजय भट्ट, निर्मिती मुंबईच्या प्रकाश पिक्चर्सची. संगीत नौशाद यांचं आणि गीतं शकील बदायुनी यांची. बैजूच्या भूमिकेत भारतभूषण, गौरीच्या भूमिकेत मीनाकुमारी आणि तानसेनाच्या भूमिकेत सुरेंद्र. फिल्मफेअर पुरस्कार १९५४ साली सुरू झाले, तेव्हा पहिल्याच वर्षी संगीताचा पुरस्कार नौशाद यांना आणि अभिनेत्रीचा पुरस्कार मीनाकुमारीला मिळाला, दोन्ही याच चित्रपटासाठी. आपल्यापैकी अनेकांच्या आईवडिलांना किंवा आजी-आजोबांना यातली गाणी तोंडपाठ असतील.

कथा थोडक्यात अशी. अकबराच्या राजधानीत एक फर्मान आहे: तानसेनापेक्षा चांगलं गाता येत असेल तरच इथे गा, नाहीतर शिक्षा मरण. लहानग्या बैजूला घेऊन त्याचे वडील भजन गात तिथून जात असतात. पहारेकरी अडवतात, ते थांबत नाहीत, आणि त्या झटापटीत त्यांचा जीव जातो. मरताना ते मुलाकडून सूड घेण्याचं वचन घेतात. पोर एका खेड्यात वाढतं, तिथल्या नावाड्याच्या मुलीवर, गौरीवर, त्याचं प्रेम बसतं, आणि वचन मागे पडतं. पुढे ते पुन्हा आठवतं. बैजू तलवार घेऊन तानसेनाच्या महालात शिरतो, पण त्याचं गाणं ऐकून त्याचा हात थबकतो. तानसेन त्याला सांगतो की मला मारायचं असेल तर ते संगीतानेच. मग बैजू स्वामी हरिदासांकडे जातो. हे हरिदास तानसेनाचेही गुरू. तिथे शिक्षण, मग दुःख, मग वेड, आणि शेवटी अकबराच्या दरबारात तानसेनाशी सामना. जो गाण्याने संगमरवर वितळवेल तो जिंकला. बैजू जिंकतो, तानसेनाच्या प्राणांचं दान मागतो, आणि शेवटी पूर आलेल्या यमुनेत गौरीसह बुडून जातो.

यात वर्गासाठी काय आहे

पहिली गोष्ट म्हणजे तो तलवारीचा प्रसंग. सूड घ्यायला आलेला माणूस गाणं ऐकतो आणि त्याच्याने वार होत नाही. ज्याने आपल्या बापाचा जीव जायला कारण व्हावं त्याचंच गाणं आपल्याला सुंदर वाटावं, हा केवढा गोंधळ! आठवीतल्या मुलांना तो बरोबर कळतो. ज्या मुलाशी भांडण आहे त्याचंच चित्र वर्गात सगळ्यांत छान आलंय, हे त्यांच्याही वाट्याला येतं. ‘आवडत नाही’ आणि ‘चांगलं नाही’ यांत फरक आहे, हे मूल्यशिक्षणाच्या तासाला चाळीस मिनिटं बोलून जेवढं पोचणार नाही तेवढं या प्रसंगातून पोचतं.

दुसरी गोष्ट कानाची. नौशाद यांनी जवळपास प्रत्येक गाणं एकेका रागावर बांधलं आहे. चित्रपटाच्या सुरुवातीला तानसेन गातो तो पूरिया धनाश्री. हरिदासांच्या आश्रमातलं प्रसिद्ध भजन मालकंसात. बैजूचा आक्रोश दरबारीत. गौरीचं विरहगीत भैरवात. नावेतलं गाणं भैरवीत. झुल्यावरचं पिलूत. सामन्याचं गाणं देसी रागात आणि पावसाचं मेघात. एका चित्रपटात एवढे राग, आणि प्रत्येक राग एखाद्या प्रसंगाला बांधलेला. मालकंसात पाचच स्वर लागतात, सा ग म ध नी, त्यातले ग, ध, नी कोमल. रिषभ आणि पंचम नाहीतच. हे नुसतं सांगितलं तर मुलं वहीत उतरवून घेतात आणि विसरतात. ते भजन दोनदा ऐकवून पेटीवर तेच पाच स्वर वाजवून दाखवले की मागच्या बाकावरचं पोरसुद्धा मान वर करतं.

दरबारीची गंमत तर मुलांना जरूर सांगा. हा राग परंपरेने तानसेनाच्या नावावर सांगितला जातो. म्हणजे तानसेनाला हरवायला निघालेला बैजू आपल्या आयुष्यातलं सर्वांत मोठं दुःख गातो ते तानसेनाच्याच रागात. नौशाद यांनी हे मुद्दाम केलं की नाही यावर वाद घालत बसायचं कारण नाही. पण ज्याच्याशी स्पर्धा आहे त्याच्याकडून घेतल्याशिवाय आपलं पुढे जात नाही, एवढा धडा त्यातून नक्की निघतो.

तिसरी गोष्ट आपण अनेकदा ऐकलेली आहे, तरी मुलांना पहिल्यांदाच कळणार असते. मालकंसातलं ते कृष्णाचं भजन लिहिलं शकील बदायुनींनी, चाल लावली नौशाद अलींनी आणि गायलं मोहम्मद रफींनी. यावर भाषण देऊ नये. तीन नावं फळ्यावर लिहावीत आणि गाणं लावावं. बाकीचं मुलं आपणहून बोलतात.

आणि आता तो प्रश्न

चित्रपटाच्या मध्यावर हरिदास बैजूला सांगतात की खऱ्या गायकाच्या आवाजात वेदना हवी, ती असल्याशिवाय गाणं पूर्ण होणार नाही. हे गौरीच्या कानावर पडतं. आपण मेलो तर बैजूला खरं दुःख होईल आणि तो तानसेनाला हरवेल, असा हिशेब ती करते आणि सापाचा दंश करून घेते. बैजू तिला निपचित पडलेली पाहतो, वेडा होतो, शंकराच्या देवळात जाऊन टाहो फोडतो आणि मूर्तीच्या डोळ्यांतून पाणी येतं. आता तो ‘बावरा’ झाला, आणि म्हणून आता तो तानसेनाच्या तोडीचा झाला. (गौरी पुढे वाचते, हरिदास तिला वाचवतात. पण बैजूला ते बराच काळ ठाऊक नसतं.)

मी हा भाग दाखवते तेव्हा वर्ग एकदम शांत असतो. एका वर्षी एका मुलीने विचारलं, “बाई, गौरीने साप चावून घेतला नसता तर बैजू हरला असता का?” आणि लगेच दुसरीने, “आणि गौरीला गाता येत असतं तर बैजूने साप चावून घेतला असता का?”

दोन्ही प्रश्न मला फार मोलाचे वाटतात. दुसऱ्याचं उत्तर मुलींना माहीत असतं, म्हणून तर तो त्या विचारतात. एकाची कला मोठी व्हावी म्हणून दुसरीने जीव द्यायचा, आणि चित्रपटाने त्याला प्रेम म्हणायचं, हे आजच्या तेरा वर्षांच्या मुलींना पटत नाही. पटू नयेच. त्यांना गप्प करू नका. ‘जुना सिनेमा आहे, तेव्हा असंच असायचं’ असं म्हणून विषय संपवू नका. घरातल्या कोणाच्या तरी गाण्यासाठी, कोणाच्या तरी करिअरसाठी दुसऱ्या कोणीतरी मुकाट्याने काय काय सोडलं, याच्या गोष्टी प्रत्येक मुलाच्या घरात आहेत. त्या बोलल्या जाऊ द्यात.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र आपल्याला, म्हणजे मोठ्यांना, द्यायचं आहे. माझं उत्तर असं की चित्रपटाने पुरावा एक दाखवला आणि निकाल दुसराच दिला. गौरीला साप चावण्याच्या आधी बैजू काय करत होता? हरिदासांकडे राहून रात्रंदिवस रियाज करत होता. आजारी गुरूने त्याचं मालकंसातलं भजन ऐकलं आणि अंथरुणातून उठून चालू लागले, हेही चित्रपटच दाखवतो. म्हणजे दुःख येण्याआधीच त्याचं गाणं तयार झालेलं होतं! मग श्रेय कोणाला द्यायचं, वर्षानुवर्षांच्या रियाजाला की सापाला? चित्रपट सापाला देतो, कारण रियाज पडद्यावर दाखवणं कंटाळवाणं असतं. एकच पलटा हजार वेळा घोटणारा माणूस कोण बघणार? दुःख मात्र दोन मिनिटांत दाखवता येतं आणि प्रेक्षक रडतात.

कोणी म्हणेल, अहो, दुःख भोगलेल्या कलावंताच्या सुरात काही वेगळं असतंच ना? असतं. ते मी नाकारत नाही. आयुष्यात जे येतं ते गाण्यात उतरतं, आनंदही उतरतो आणि शोकही. पण त्यासाठी आधी गाणं असावं लागतं. ज्याला तानपुऱ्याच्या षड्जात आपला षड्ज मिळवता येत नाही, त्याच्यावर कितीही मोठा आघात झाला तरी तो बेसूरच रडेल. दुःख सगळ्यांना होतं, गायक सगळे होत नाहीत. आणि दुःख यायचं तेव्हा येतंच. ते कोणाला पुरवावं लागत नाही.

हे पुरवणं आपण थांबवू या

मला हे एवढं लावून धरायचं कारण चित्रपटाच्या बाहेरचं आहे. पालकसभेत आपण सगळ्यांनी ऐकलेलं वाक्य असतं: “जरा सगळ्यांसमोर बोला त्याला, लाज वाटली की करेल.” किंवा “आम्ही मार खाऊनच शिकलो.” किंवा “एकदा हरू दे, मग पेटून उठेल.” यातला प्रत्येक पालक प्रेमानेच बोलत असतो. त्याच्या डोळ्यांपुढे बैजू असतो: अपमान झाला, जिद्द आली, जिंकला. पण जे पेटून उठले त्यांच्याच गोष्टी आपण सांगतो. जे विझले त्यांच्यावर कोणी चित्रपट काढत नाही. सातवीपर्यंत सुंदर गाणारी आणि आठवीत अचानक गाणं सोडून दिलेली मुलं आपल्या प्रत्येक शाळेत आहेत. त्यांना विचारा, का सोडलं. ‘कंटाळा आला’ हे पहिलं उत्तर असतं. थोडं थांबलात तर दुसरं उत्तर येतं, आणि त्यात बहुतेकदा कोणाचं तरी एक वाक्य असतं. ‘तुझा आवाज फुटलाय, आता राहू दे’, ‘तिच्याकडे बघ, तुझ्यानंतर सुरू केलं तिने’, असं काहीतरी.

टीव्हीवरच्या लहान मुलांच्या गायनस्पर्धा पाहा. मूल गाण्याआधी त्याच्या घराची चित्रफीत दाखवतात. गळकं छप्पर, वडिलांचं आजारपण, आईचे कष्ट. मूल रडतं, परीक्षक रडतात, मग गाणं होतं. सूर कसा लागला हे कोणी नीट ऐकतच नाही, कारण आधीच सगळ्यांचे डोळे भरून आलेले असतात. नऊ वर्षांच्या पोराच्या घरातलं दुःख त्याच्या गाण्याची पात्रता म्हणून मांडायचं, हा बैजू-गौरीचाच हिशेब आहे, फक्त साप बदलला.

पडद्यामागचा बैजू

आता मुलांना हमखास सांगावी अशी खरी गोष्ट. दरबारातल्या सामन्यात बैजूचा आवाज रफींचा नाही. तो पंडित द. वि. पलुस्करांचा आहे, आणि तानसेनाचा आवाज उस्ताद अमीर खाँसाहेबांचा. दोघांनी मिळून देसी रागातली ती जुगलबंदी गायली आहे.

दत्तात्रेय विष्णू पलुस्कर यांचा जन्म १९२१ सालचा, नाशिकचा. वडील कोण? पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर, कुरुंदवाडचे. ज्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यातलं गाणं शाळेच्या वर्गात आणून ठेवलं. १९३१ साली विष्णु दिगंबर गेले तेव्हा हा मुलगा दहा वर्षांचा होता.

बघा योगायोग. चित्रपटातला बैजू लहानपणीच वडिलांना मुकतो, आणि त्याचा आवाज झालेला गायकही लहानपणीच वडिलांना मुकला. दुःख दोघांनाही झालं असणार. पण पुढे दोघांच्या हाती काय पडलं? पडद्यावरच्या मुलाच्या हाती सुडाचं वचन पडलं. खऱ्या मुलाला शिक्षक मिळाले. विष्णु दिगंबरांचे शिष्य पं. विनायकबुवा पटवर्धन यांनी आणि इतर गुरुबंधूंनी आपल्या गुरूच्या मुलाला शिकवलं, वाढवलं. चौदाव्या वर्षी तो जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात गायला. तिशी उलटते न उलटते तोच अमीर खाँसाहेबांसमोर बसून ‘बैजू बावरा’साठी गायला. १९५५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, गेला. एवढ्याशा आयुष्यात त्याने गायलेली भजनं आणि ख्याल आजही आपल्या घरांत वाजतात. त्या आवाजात किती प्रसन्नता आहे ते ऐकून बघा. त्या प्रसन्नतेमागे पोरकेपण आहे हे कोणाला सांगूनही खरं वाटणार नाही.

मला वाटतं, शिक्षकांसाठी याहून मोठी गोष्ट चित्रपटात कुठेच नाही. वडील गेल्यावर त्या मुलाला सांभाळायला एक अख्खी परंपरा उभी होती. तिच्यात शाळा होती, अभ्यासक्रम होता, वेळ देणारी माणसं होती. घडवलं ते या सगळ्यांनी.

संगमरवर वितळला की किती गुण?

दुसरा मुद्दा स्पर्धेचा. गाणं चांगलं की नाही हे ठरवायला चित्रपटात दगड वितळवावा लागतो. मुलं हसतात. हसू द्यात, पण मग विचारा, आपण काय वेगळं करतो? दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी वाढीव गुण मिळतात. ही सोय चांगल्या हेतूने झाली, आणि तिच्यामुळे काही मुलं गाण्याकडे वळली हेही खरं. पण ‘दहावीच्या आत तेवढ्या परीक्षा उरकून टाकू’ असं म्हणत क्लास लावणारे पालक आणि दहावीचा निकाल लागल्यावर कोपऱ्यात गेलेला तानपुरा हेही आपण पाहतो. विष्णु दिगंबरांच्या परंपरेतून आलेल्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा हा जिना होता. आपण पायऱ्या मोजत बसलो आणि वर काय आहे ते बघायचं विसरलो.

गंमत म्हणजे हे खुद्द चित्रपटाला कळलेलं आहे. जिंकल्यावर बैजू काय मागतो? तानसेनाचा प्राण, आणि गल्लीबोळांतून गाण्याची मोकळीक. दरबारात जागा मागत नाही, पदवी मागत नाही. ज्या फर्मानामुळे त्याचा बाप गेला ते ‘उत्तम असेल त्यानेच गावं’ असं होतं. बैजूची मागणी म्हणजे कोणालाही गाता यावं, चांगलं येवो न येवो. चित्रपटातली ही जागा डोळ्याआड होते, कारण तोवर सगळ्यांचं लक्ष वितळलेल्या दगडाकडे असतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘आवाज चांगला असेल त्यांनीच समूहगीतात उभं राहा’ असं आपण म्हणतो, तेव्हा ते जुनं फर्मान आपणच पुन्हा काढतो, हे लक्षात ठेवू या.

इतिहासाच्या तासालाही उपयोग

हा चित्रपट इतिहास नाही, दंतकथा आहे. पण म्हणूनच इतिहासाच्या तासाला तो कामाला येतो. तानसेन अकबराच्या दरबारी होता, अबुल फझलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त दरबारी गायकवादकांच्या यादीत त्याचं नाव पहिलं आहे. ग्वाल्हेरला त्याची कबर आहे आणि तिथे दर वर्षी तानसेन समारोह भरतो. बैजूचं नाव मात्र परंपरा ग्वाल्हेरच्या राजा मानसिंह तोमराशी जोडते. मानसिंहाची कारकीर्द १४८६ ते १५१६, आणि अकबर गादीवर आला १५५६ साली. मुलांना वजाबाकी करू द्या. मधली चाळीस वर्षं निघाली की त्यांचे डोळे चमकतात. मग विचारा, जर हा सामना कधी झालाच नसेल, तर लोकांनी तो का रचला असावा? दरबारी गायकाला रस्त्यावरच्या गायकाने हरवावं असं लोकांना का वाटत असेल? यावर आठवीतली मुलं जी उत्तरं देतात ती ऐकण्यासारखी असतात.

कसा दाखवावा

चित्रपट अडीच तासांहून मोठा आहे. एका बैठकीत दाखवू नका. मी तीन भाग करते: तलवारीच्या प्रसंगापर्यंत पहिला, देवळातल्या आक्रोशापर्यंत दुसरा, आणि उरलेला तिसरा. सहावी-सातवीला फक्त गाणी आणि निवडक प्रसंग पुरेत. सापाचा प्रसंग आणि शेवट जड जातो. त्यात गौरी आपणहून मरण पत्करते, त्यामुळे आठवी-नववीलाही हा भाग दाखवल्यावर वर्ग सुटण्याआधी बोलायला वेळ ठेवाच. एखादं मूल जास्तच गप्प झालं असेल तर त्याच्याशी वेगळं बोला.

जुगलबंदी मात्र चित्र बंद ठेवून आधी नुसती ऐकवा. कोण हरलं, कोण जिंकलं ते मुलांना वहीत लिहायला सांगा. वर्ग दोन गटांत वाटला जातो. मग चित्र दाखवा. पडद्यावर तार तुटते तेव्हा कळतं कोण हरलं. कानांना तसं काही कळलेलं नसतं, कारण दोघेही अप्रतिम गात असतात. ध्वनिमुद्रणाच्या वेळी तिथे हरणारं कोणीच नव्हतं, दोन घराण्यांचे दोन मोठे गायक एकमेकांना साथ देत होते. मुलांना हे स्वतः सापडलं की आपण सांगायची गरज उरत नाही.

शेवटी वर्गात तीन प्रश्न ठेवा आणि उत्तरं लगेच मागू नका, घरी बोलून यायला सांगा. बैजूला कोणी घडवलं? गौरीला काय हवं होतं, हे चित्रपटात कोणी विचारलं का? आणि तुम्हाला एखादी गोष्ट चांगली यायला लागली, ती कोणामुळे?

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं वाचताना मला दर वर्षी एकच गोष्ट जाणवते. मुलं मारणाऱ्याचं, हिणवणाऱ्याचं नाव लिहीत नाहीत. कोणी रोज संध्याकाळी शेजारी बसणाऱ्या आजीचं लिहितं, कोणी चुकलं तरी ‘पुन्हा घे’ म्हणणाऱ्या तबल्याच्या सरांचं, कोणी सायकल धरून मागे पळणाऱ्या मोठ्या भावाचं. पालकहो, तुमच्या मुलाच्या वहीत तुमचं नाव कोणत्या कामासाठी यावं, ते अजून तुमच्या हातात आहे.